बारा नळ्यांचा अँटेना

कोल्हापुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत मी सहायक होतो. उपकरणं काढून द्यायची, बिघडली तर उघडून बघायची, मुलं गेली की कपाटात लावून ठेवायची, एवढंच माझं काम. शिकवणं माझ्याकडे कधीच नव्हतं. तरीही जयसिंग कांबळे मला पहिल्या भेटीपासून ‘मास्तर’ म्हणत आला, आणि मीही त्याला कधी अडवलं नाही.

जयसिंग उद्यमनगरातल्या एका कारखान्यात फिटर होता. आमच्या प्रयोगशाळेचे काही स्टँड तिथून करून घेतले होते, तेवढीच ओळख. १९९३ च्या डिसेंबरात एका शनिवारी तो सायकलवरून थेट कॉलेजात आला. कॅरियरला बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा बांधलेला. त्यावर पेन्सिलीनं माशाच्या काट्यासारखं एक चित्र काढलं होतं. एका टोकाला लांब रेघा आणि दुसऱ्या टोकाकडे आखूड होत गेलेल्या.

“मास्तर, ह्यो अँटेना. एकच हाय, पण समदी चॅनेलं धरतोय. असं कुठं असतंय का, सांगा.”

मी चित्र बघितलं आणि खुर्चीत सरळ बसलो. असा अँटेना असतो. आमच्या तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकात त्यावर अख्खं प्रकरण होतं. पण नववीत शाळा सोडलेल्या ह्या माणसानं ते पुस्तक पाहिलेलं असणं शक्यच नव्हतं.

“हे कुठून काढलंस?”

मग त्यानं सगळं सांगितलं.

त्याची बायको अंजना चंदगडकडची. अडीच वर्षांपूर्वी उन्हाळ्यात ती दोघं तिच्या माहेरी गेली होती. गाव डोंगरात. तिथून कोल्हापूर एका दिशेला, बेळगाव दुसऱ्या, पणजी तिसऱ्या. प्रत्येक दूरदर्शन केंद्राचं चॅनेल वेगळं, त्यामुळे नळ्यांची मापंही वेगळी. अंजनाच्या भावानं, आकारामनं, एकाच बांबूवर एकाखाली एक असे तीन अँटेने बांधले होते. चंदगडच्या पावसात तो बांबू दरसाल आडवा व्हायचा. अंजनाची आई धोंडुबाई जावयाला म्हणाली, “जावायबापू, तुम्ही कारखान्यात लोखंड वळवतासा म्हंत्यात. मग ह्ये तीन सांगाडे काढून एक चांगला करून द्या की. आमच्या टीव्हीत माणसं कमी आन मुंग्या जास्त.”

सगळे हसले. जयसिंगच्या मात्र ते डोक्यात बसलं.

परत आल्यावर त्यानं ॲल्युमिनियमच्या नळ्या आणल्या. लांब नळी खालची चॅनेलं धरते आणि आखूड नळी वरची, एवढं त्याला अँटेने बसवताना कळलेलं होतं. मग सगळ्या मापांच्या नळ्या एकाच दांड्यावर ओळीनं लावल्या तर? सर्वांत मोठी नऊ फूट, सर्वांत छोटी दोन फूट. मधली मापं कशी ठरवायची, हा घोळ सहा महिने चालला. शेवटी त्यानं ठरवलं, आधीची नळी रुपया धरली तर पुढची चौदा आणे. त्या हिशेबानं बारा नळ्या झाल्या. दोन नळ्यांमधलं अंतरही तसंच चौदा आण्यांनी कमी करत नेलं. मी मनातल्या मनात पुस्तकातला आकडा आठवला. फरक नव्हताच म्हटलं तरी चालेल.

कसबा बावड्यात त्याच्या घरावर पत्रा होता, म्हणून शेजारच्या विहाराच्या गच्चीवर परवानगी काढून त्यानं पाईप उभा केला. तो वर अँटेना फिरवायचा आणि अंजना दारात उभी राहून टीव्हीवर नजर ठेवायची. “आलं! आलं! अवो थांबा, गेलं की!” असं तिचं ओरडणं गल्लीला पाठ झालं होतं. दीड वर्ष हे असंच चाललं. चित्र कधी यायचं, कधी जायचं. कधी अँटेना नेमका उलट्या तोंडानं ठेवला की जरा बरं दिसायचं, आणि ते का हे जयसिंगला कळत नव्हतं.

“मग जमलं कसं?” मी विचारलं.

तो जरा लाजला. “आमच्या हिनं सुचवलं, मास्तर.”

अंजना घरी खाटा आणि खुर्च्या प्लॅस्टिकच्या पट्टीनं विणून द्यायची. एकदा संध्याकाळी जयसिंग अंगणात अँटेना उलटा टाकून बसला होता. एका दांड्याचे आता शेजारी-शेजारी दोन दांडे झाले होते; नळ्या मधे तोडून डावे अर्धे एका दांड्याला आणि उजवे अर्धे दुसऱ्या दांड्याला जोडलेले. शेजारी ती खाट विणत होती. थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “ह्ये समदं डावं एकीकडं आन समदं उजवं एकीकडं कशापायी? खाटंची पट्टी अशी नेली तर खाट एका अंगाला झोल देती. एकाआड एक नेऊन बगा की. एक डावी ह्या दांड्याला, तर फुडची डावी त्या दांड्याला.”

“गप बस. ही काय खाट हाय व्हय?” जयसिंग म्हणाला.

पण दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्याच्या हातातलं काम चुकलं, इतका तो त्याच विचारात होता. घरी येऊन त्यानं जोडणी बदलली, अँटेना वर चढवला. खालून अंजनाचा आवाज आला नाही. तो घाबरून खाली वाकला. ती दारात तोंडावर हात ठेवून उभी होती. टीव्हीवर बेळगाव इतकं स्वच्छ दिसत होतं की बातम्या देणाऱ्या माणसाच्या शर्टाची बटणं मोजता आली असती.

“मी तिला त्याच वक्ताला म्हणालो, अंजना, ह्ये तुझं हाय,” जयसिंगनं मला सांगितलं. हे त्याचे शब्द. माझ्या प्रयोगशाळेत, माझ्या टेबलासमोर उभं राहून तो हे बोलला, म्हणून मी ते इथं नोंदवतो आहे.

मी तो पुठ्ठा आमच्या विभागप्रमुखांना दाखवला. सरनोबत सर म्हणजे कडक माणूस, पण गुणाला भुलणारा. त्यांनी फेब्रुवारीत प्रात्यक्षिक ठेवलं. कॉलेजच्या गच्चीवर अँटेना लावला, खालच्या वर्गात खिडकीजवळ टीव्ही. चाळीसएक विद्यार्थी, पाच-सहा प्राध्यापक आणि एका स्थानिक दैनिकाचा बातमीदार. अंजना जरीकाठाचं लुगडं नेसून सहा वर्षांच्या सोनमला घेऊन आली होती. सरांनीच तिला खिडकीत उभं राहून नेहमीसारखं ओरडायला सांगितलं. ती आधी संकोचली. मग तिचा आवाज असा लागला की मुलांनी टाळ्या वाजवल्या. “जरा मावळतीला! आजून! हां, थांबा आता!” कोल्हापूर आलं, बेळगाव आलं, आणि मुंग्यांसकट का होईना, पणजीही आलं.

जयसिंग हात पुसत खाली आला. सरांनी फळ्यावर आकृती काढली आणि मुलांना म्हणाले, “ही रचना तुमच्या पुस्तकात आहे. ह्यांनी ते पुस्तक पाहिलेलं नाही. नळ्यांची मापं एखादा हुशार कारागीर करून करून काढेल. पण ही एकाआड एक जोडणी? ही सहसा कुणाला सुचत नाही, आणि ही नसेल तर बाकी सगळं ॲल्युमिनियम फुकट. जयसिंगराव, ही कल्पना कुणाची?”

कारखान्यात त्याला ‘ए कांबळे’ म्हणून हाक मारत. ‘जयसिंगराव’ म्हणणारा तो पहिला माणूस असेल. जयसिंगनं खिडकीकडे पाहिलं. अंजनानं पदर सारखा केला होता. तिला वाटलं असणार, आता माझं नाव घेतील.

“मीच, सर,” जयसिंग म्हणाला. “बसून इचार केला.”

टाळ्या झाल्या. मी टीव्हीच्या वायरी गुंडाळत होतो, तो गुंडाळत राहिलो. दोन पावलं पुढं होऊन ‘सर, वहिनींनी सुचवलंय’ एवढं म्हणायला मला कुणी धरलं नव्हतं. तेव्हा मी स्वतःला समजावलं की हा नवरा-बायकोतला मामला आहे. पुढं कॉलेजतर्फे प्रमाणपत्र द्यायचं ठरलं. माझं अक्षर बरं, म्हणून ते मलाच लिहायला दिलं. ‘श्री. जयसिंग केरबा कांबळे यांनी स्वतःच्या कल्पनेने’ असं मी बोरूनं, वळणदार अक्षरात लिहिलं.

प्रात्यक्षिकाच्या दुसऱ्याच दिवशी पेपरात बातमी आली होती. अंजना सातवी शिकलेली. तिनं ती सोनमला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवली, पेपराची घडी घातली आणि म्हणाली, “चांगली लिवलीया.” जयसिंग ऐकत बसला होता. तिनं भांडण काढलं असतं तर बरं झालं असतं, असं तो पुढं मला अनेकदा म्हणाला.

पुढच्या रविवारी तो अँटेना घेऊन गच्चीवर गेला आणि वरून हाक मारली. ती बाहेर आली नाही. तो खाली उतरला.

“अगं, चल की. चित्र कोण बघणार?”

“मला काय कळतंय त्यातलं?” अंजना म्हणाली आणि खाटेची पट्टी ओढत राहिली.

त्यानं दोन-तीनदा विनवलं, एकदा चिडला, मग सोडून दिलं. दाढीचा आरसा दाराच्या चौकटीला तिरका बांधला आणि गच्चीवरून त्यात टीव्ही बघायला लागला. येणारे-जाणारे हसायचे. तो आरसा चार-पाच वर्षं तिथं होता. बाकी घरात काही उणं नव्हतं. ती त्याला वेळेवर डबा द्यायची, आजारी पडला तर उशाशी बसायची, पाहुण्यांसमोर त्याचा मान राखायची. फक्त अँटेन्याबद्दल एक शब्द बोलायची नाही.

आणि नेमकं तेव्हाच काम वाढलं. बातमी वाचून आजऱ्याहून, चंदगडहून, गारगोटीकडून माणसं यायला लागली. शहरात केबल पसरत होती, पण डोंगरातल्या गावांना अँटेन्याशिवाय दुसरं काही नव्हतं. १९९५ मध्ये जयसिंगनं कारखाना सोडला आणि अंगणात शेड घातली. पाईपाच्या बुडाला सायकलच्या चाकाचा हब बसवून गिऱ्हाइकाला घरात बसून अँटेना फिरवता येईल अशी सोय केली. एसटीच्या टपावर अँटेने बांधून तो गावोगावी जायचा. गावात पाय ठेवला की लोक म्हणायचे, “या पावणं, तुमची वाट बघत हुतो.” त्या दिवसांत तो सुखी होता का? त्यानं सांगितलं की घरापासून जितका लांब जाईल तितका असायचा.

१९९८ चा पावसाळा संपला आणि चंदगडकडून तक्रारी सुरू झाल्या. वारा सुटला की चित्र जातं. आधी एका गावातून, मग सात-आठ गावांतून. जयसिंग जाऊन बघायचा, नळ्या घासायचा, वायर बदलायचा. दोन दिवस ठीक चालायचं आणि पुन्हा तेच. लोक तोंडावर बोलायला लागले. आजऱ्याच्या एका बाजारात एकानं त्याला सगळ्यांदेखत “फसवून गेलास की रं” म्हटलं. तो आजारी माणसासारखा दिसू लागला. तीन महिन्यांनी त्यातला एक अँटेना उतरवून तो माझ्याकडे घेऊन आला.

आम्ही दोघांनी तो दिवसभर तपासला. शेवटी सापडलं ते फार साधं होतं. दोन दांडे एकमेकांना लागू नयेत म्हणून त्यानं त्या वर्षीपासून मधे प्लॅस्टिकच्या पट्टीच्या जाड गुंडाळ्या भरल्या होत्या. ती पट्टी उन्हानं तडकून गळून पडली होती. वारा आला की दांडे एकमेकांना टेकायचे आणि चित्र जायचं.

तो घरी गेला. अंजना अंगणात खुर्ची विणत होती. त्यानं तडकलेला तुकडा तिच्यासमोर धरला. “ह्येच्यापायी झालं बघ समदं.”

तिनं तुकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “पांढरी पट्टी एका उन्हाळ्यात जाती. मी निळीच घेती.”

“तुला म्हाईत हुतं?”

“व्हय.”

“मग बोलली का न्हाईस?”

अंजनानं हातातलं काम थांबवलं. “इचारलंसा कुठं? पाच वर्सं झाली, मला काय इचारलंसा?”

जयसिंग मला म्हणाला, “मास्तर, तवाच पाय धरायला पाहिजे हुतं. मी काय केलं ठावं हाय? निळी पट्टी आणायला बाजारात गेलो.”

त्यानं सगळे अँटेने दुरुस्त करून दिले, गावोगाव फिरून. पण मधल्या काळात त्या गावांतल्या पुढाऱ्यांनी केबलचा विचार सुरू केला होता, पुढं डिशच्या छत्र्याही आल्या. २००३ मध्ये त्याचा शेवटचा अँटेना गेला तो चंदगडलाच. त्या वर्षी शेड मोडून तो पुन्हा उद्यमनगरात फिटर म्हणून लागला, आता त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान माणसाच्या हाताखाली. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. काळ पुढं गेला, असं तो सरळ म्हणायचा. खंत दुसरीच होती, आणि ती फक्त माझ्यापाशी निघायची. मी ऐकून घ्यायचो. माझ्या वाट्याचं मात्र मी कधी त्याच्यापाशी काढलं नाही.

२००६ मध्ये सोनम डिप्लोमाला, दुसऱ्या वर्षाला होती. एके दिवशी तिनं जाडजूड पुस्तक आणून बापापुढं उघडलं. “बाबा, हे बघा, तुमचा अँटेना! खाली लिहिलंय, एकाआड एक जोडणी हाच ह्या रचनेचा प्राण.” अंजना स्वयंपाकघरात होती. सोनमला काही ठाऊक नव्हतं. ती कौतुकानं वाचत राहिली आणि जयसिंग उठून बाहेर गेला.

त्याच महिन्यात सरनोबत सर निवृत्त व्हायचे होते. जयसिंग मला येऊन म्हणाला, “निरोप समारंभात मला दोन मिन्टं बोलू द्या.”

मी नाव यादीत घातलं. त्यानं अंजनालाही चल म्हणून सांगितलं, पण कशासाठी ते सांगितलं नाही. ती म्हणाली, “तुम्ही जावा. बचत गटाची बैठक हाय.”

समारंभाला पन्नास-साठ माणसं होती. विद्यार्थी सगळे नवे, निम्म्यांच्या हातात मोबाइल. जयसिंग इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. माईकसमोर उभा राहिला आणि एका दमात म्हणाला, “बारा वर्सांमागं ह्याच कॉलेजात सरांनी मला इचारलं, ही कल्पना कुणाची? मी म्हणालो, माझी. त्ये खोटं हुतं. कल्पना माझ्या बायकोची, अंजनाची. खाट विणताना तिनं सांगितली. मला लाज वाटली म्हणून मी बोललो न्हाय. आज बोलतो.”

सभागृहात कुणाला काहीच उमगलं नाही. एका मुलानं शेजाऱ्याला विचारलं, “कसला अँटेना?” सूत्रसंचालन करणारी मुलगी गोंधळली आणि तिनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. सरांना ऐकू कमी यायला लागलं होतं. ते हसून म्हणाले, “हो हो, जयसिंगराव, फार छान होता तुमचा अँटेना!”

मी त्याच्याबरोबर बावड्याला गेलो. दिवस मावळायचा होता. अंजना बैठकीहून परतली होती. त्यानं चपला काढायच्या आतच तिला सांगितलं.

ती ऐकून घेऊन म्हणाली, “किती माणसं हुती?”

“पन्नास-साठ.”

“त्यात तवाची कोण?”

“सर हुते. आन हे मास्तर.”

“सरांना कळलं?”

जयसिंगनं वाकून चपला काढल्या.

“बरं केलंसा,” अंजना म्हणाली. आवाजात राग नव्हता. “पर मला त्ये तवा पाहिजे हुतं. सोनम ल्हान हुती. माझ्या आईनं पेपर कुणाकडनं तरी वाचून घेतलाता. ती मला म्हणाली, जावाय हुशार हाय बग, तुझं नशीब. मी व्हय म्हणाले. आता आई न्हाय. कुणाला सांगू?”

जयसिंग भिंतीला टेकून खाली बसला. मग ती माझ्याकडे वळली.

“मास्तर, ह्येंनी तुमाला पयल्याच दिवशी सांगितलंतं. मला ह्येच म्हणालते, मास्तरांना तुझं नाव सांगून आलोय. तुमाला ठावं हुतं की.”

बारा वर्षं तिला हे माहीत होतं आणि ती मला दर वेळी चहा देत आली होती. मी म्हणालो, “चुकलंच वहिनी. मी नवीन प्रमाणपत्र लिहून आणतो. सरांची सही घेतो.”

“आता काय करू त्येचं?” ती म्हणाली. खरंच विचारल्यासारखं. मग उठली आणि चुलीकडे गेली.

मी तरीही लिहिलं. सरांच्या घरी दोनदा जाऊन, मोठ्यानं सगळं सांगून सही आणली. ह्या वेळी त्यांना कळलं. ते प्रमाणपत्र मी अंजनाला नेऊन दिलं. तिनं दोन्ही हातांनी घेतलं, आपलं नाव वाचलं, सोनमला दाखवलं आणि कपाटात ठेवून दिलं. भिंतीवर लावलं नाही. जयसिंगचं जुनं प्रमाणपत्र त्यानं स्वतःच त्याच आठवड्यात उतरवलं होतं. त्या जागी भिंतीवर फिकट चौकोन राहिला, तो पुढच्या रंगकामापर्यंत दिसत होता.